मरतुकीचा कागद

अंबाजीला मी शाळेपासून ओळखतो. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या राजेश्वर गावच्या शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा आणि आम्ही नाक दाबून हसायचो. तेव्हा त्यांच्या घरी दीडशे मेंढरं होती. पुढं गायरानं गेली, माळ नांगरले गेले, बापानं मेंढरं विकली, आणि तिशी उलटल्यावर अंबाजी कोंबड्यांच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून लागला. माझं बसस्टँडसमोर जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. त्यामुळं मी जे सांगणार आहे ते नुसतं ऐकीव नाही. त्यात माझाही हात आहे, आणि तो काही चांगला हात नाही.

अंबाजीचं काम म्हणजे रोज मोटरसायकलवर सात-आठ शेडं फिरायची. पिल्लांचं वजन घ्यायचं, खाद्य किती संपलं ते लिहायचं, किती मेली ते लिहायचं. मेलेल्यांच्या आकड्याला या धंद्यात मरतूक म्हणतात. दुसरे सुपरवायझर दारातून आत डोकावून आकडा विचारत आणि निघत. अंबाजी आत जाऊन मिनिटभर डोळे मिटून उभा राहायचा. पक्ष्यांच्या आवाजावरून त्याला कळायचं, पाण्याची नळी कुठं तुंबली, कुठल्या कोपऱ्यात गारठा आहे. एक पक्षी उचलून गळ्याखालची चाऱ्याची थैली बोटानं चाचपायचा. शेडवाल्यांनी कितीही आग्रह केला तरी पक्ष्यांना खाद्य पडल्याशिवाय तो चहालासुद्धा टेकायचा नाही.

"आमच्या अप्पानं सांगितलंय," तो म्हणायचा, "वाड्यातलं जित्राब उपाशी असंल तर माणसानं ताटावर बसू न्हाई."

कंपनीचं नाव सोमतेज ब्रॉयलर्स. मालक सोमशेखर, बीदरचा. स्वतःच्या नावातलं सोम आणि मुलगी तेजश्रीच्या नावातलं तेज घेऊन नाव केलेलं. पद्धत अशी, की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्यानं शेड बांधायचं आणि चाळीस-बेचाळीस दिवस पक्षी सांभाळायचे. मग कंपनीची गाडी येऊन पक्षी उचलून नेणार आणि शेडवाल्याला किलोमागं सांभाळणावळ मिळणार. पक्षी शेवटपर्यंत कंपनीचा. शेडवाल्यानं त्यातला एक जरी परस्पर विकला तरी करार मोडला.

सुरुवातीला चौदा शेडं होती. मग बँकेची कर्जमर्यादा वाढत गेली. मग हैदराबादचे गुंतवणूकवाले आले. त्यांची अट अशी, की दर महिन्याला मागच्या महिन्यापेक्षा जास्त पिल्लं शेडांत टाकली पाहिजेत, तरच पुढचा हप्ता. पुढच्या चार वर्षांत शेडं दोनशेवर गेली. मका व्यापाऱ्यांकडून तीन महिन्यांच्या उधारीवर यायचा. माझ्या दुकानातली औषधंसुद्धा तशीच जायची.

एकदा बीदरच्या एका हॉटेलात शेडवाल्यांचा मेळावा झाला. मला आणि अंबाजीला बोलावणं होतं. अंबाजीचा मेहुणा भीमाशंकरही आला होता. तो औराद तालुक्यातल्या चिंताकीचा. त्याचं स्वतःचं दीड हजार पक्ष्यांचं शेड होतं आणि तो कुठल्याच कंपनीला जोडलेला नव्हता. अंबाजीनं त्याची मालकाशी ओळख करून दिली.

"दीड हजार?" सोमशेखर हसला. "किती वर्षांपासून?"

"नऊ वर्षं झाली, अण्णा."

"नऊ वर्षांत दीड हजारच? कर्ज काढा की हो!"

 सोमशेखरला मुद्दा सापडला होता. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "बघा, माझ्याकडं काय आहे? शेड तुमचं, मका व्यापाऱ्यांचा, पैसा बँकेचा. माझं फक्त डोकं! स्वतःच्या पैशावर धंदा करतो तो दुकानदार. दुसऱ्याच्या पैशावर करतो तो उद्योजक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी मला लाज वाटली होती, की वीस वर्षं झाली तरी मी आपला दुकानदारच.

दोन हजार वीसचा फेब्रुवारी उजाडला. फोनवर कुठलातरी फोटो फिरायला लागला, की कोंबडीतून कोरोना होतो. शिकलेल्या माणसांनी तो पुढं पाठवला. मास्तरांनी पाठवला, बँकेतल्या लोकांनी पाठवला. आठवड्याभरात जिवंत पक्ष्याचा दर सत्तरवरून तीसवर आला, मग पंधरावर. मार्चमध्ये कलबुर्गीत एका वृद्धाचा मृत्यू झाला आणि तो देशातला पहिला निघाला. त्या दिवसापासून आमच्याकडं कोंबडीकडं कुणी बघेना. दर पाच रुपये किलो. पाच रुपयांत पक्ष्याचं एका दिवसाचं खाद्य येतं.

पण दर पडले म्हणून पक्षी खायचा थांबत नाही. सोमतेजकडं स्वतःचं असं पंधरा दिवसांचंही खाद्य नव्हतं, कारण स्वतःचं असं काहीच नव्हतं. मक्याच्या व्यापाऱ्यांनी उधारी थांबवली. बँकेनं सांगितलं, आधी माल विकून कर्ज खाली आणा. हैदराबादवाल्यांनी फोन उचलणं सोडलं. आणि खाद्याच्या गाड्या बंद झाल्या.

पहिलं हाक मारणारं शेड रविकुमारचं, आमच्या गावापासून चार किलोमीटरवर. सहा हजार पक्षी, पस्तीस दिवसांचे. चार दिवस खाद्य आलं नव्हतं. अंबाजीनं मलाही बरोबर घेतलं, काही औषध सुचतंय का बघ म्हणाला. उपाशीपणावर मी कुठलं औषध देणार?

शेडचं दार उघडल्यावर जो वास आला तो मला अजून सांगता येत नाही. भुकेले पक्षी खाली पसरलेलं तूस खात होते, त्यातली विष्ठा खात होते. ते संपलं की एकमेकांना टोचत होते. एका पक्ष्याच्या मागच्या बाजूला जखम झाली की वीस जण त्याच्यावर पडायचे आणि आतडं ओढून काढायचे, तो चालत असतानाच. रविकुमार बाहेर कठड्यावर तोंड फिरवून बसला होता. त्याच्या बायकोनं घरातली ज्वारी दोन दिवस टाकली होती. सहा हजार तोंडांना घरातली ज्वारी किती पुरणार!

अंबाजी आत डोळे मिटून उभा राहिला नाही. तो लगेच बाहेर आला आणि मोटरसायकलला किक मारली. "बीदरला चल," म्हणाला.

ऑफिसात एसी चालू होता. सोमशेखर खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली, पण समोर काजूची बशी होती. ती बशी मी विसरू शकत नाही.

"अण्णा, पक्षी एकमेकांना खायलेत," अंबाजी म्हणाला. "खाद्य द्या, न्हाईतर पक्षी सोडा. गावात फुकट वाटतो. निम्मे लोक घेणार न्हाईत, निम्मे घेतील."

"वाटायचं नाही."

"कामून?"

सोमशेखरनं मान उचलली. आवाज शांत होता, समजावून सांगितल्यासारखा. "पक्षी बँकेकडं तारण आहेत. मी दर महिन्याला त्यांना लिहून देतो, इतके पक्षी शेडात आहेत. वाटले तर ते म्हणणार, माल कुठं गेला? तारण माल फुंकला म्हणून केस करणार. हैदराबादवालेबी तेच म्हणणार. मेले तर मरतूक. मरतुकीचा कागद लागतो, बाकी काही नाही. आलं का ध्यानात? वाटले तर चोरी, मेले तर मरतूक."

"अण्णा, जिते हायेत ते."

"खड्डा काढा," सोमशेखर म्हणाला. "जेसीबी मी पाठवतो. डिझेलपुरते पैसे आहेत."

खाद्याला नव्हते, खड्ड्याला होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविकुमारच्या शेडामागं खड्डा निघाला. मी गेलो नव्हतो, पण अंबाजीनं मला पुढं जे सांगितलं ते सगळं इथं लिहिणार नाही. मजूर पोत्यात भरून पक्षी आणत होते आणि ओतत होते. निम्म्याहून जास्त जिवंत होते. वरून चुना टाकला, माती टाकली. माती हलत होती. जेसीबीचा ड्रायव्हर उतरून लांब जाऊन बसला आणि म्हणाला, आता तुमचं तुम्ही करा. शेवटची माती अंबाजीनं फावड्यानं ओढली. नंतर तो बांधावर जाऊन ओकला. घरी गेल्यावर त्यानं अंगावरचे कपडे जाळले, आणि बायकोनं विचारलं तेव्हा "वास येतोय" एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी मंगलच्या शेडचा निरोप आला. मंगल आमच्याच गावची. नवरा सोलापूरला ट्रकवर, शेड ती एकटी बघायची. तिचे चार हजार पक्षी, अठरा दिवसांचे, अजून लहान. चारशे मेले होते. तिनं जेसीबीवाल्याला फाटकातच अडवलं.

"अंबाजीभाऊ, खड्डा काढायचा तर आधी मला पुरा त्यात," ती म्हणाली. "तुमची कंपनी का यमाची पंगत?"

 अंबाजीनं जेसीबीवाल्याला संध्याकाळी ये म्हणून परत धाडलं. मग चिंताकीला भीमाशंकरला फोन लावला. तासाभरानं भीमाशंकरचा निरोप आला, हजारभराची जागा करतो, टेम्पो पाठवतो. त्याच्या घरात दोन वर्षांचा स्वतःचा मका होता. विकायला गेला तर दर नव्हता, म्हणून पडून राहिलेला.

तोवर अंबाजीनं गावात आरोळी दिली, की मंगलच्या शेडावर कोंबड्या फुकट आहेत. कुणी येईना. लोक लांब उभे राहून तोंडाला फडकं लावून बघत होते. मग मंगलनं शेडाच्या दारात चूल मांडली, एक पक्षी कापला, शिजवला आणि सगळ्यांसमोर भाकरीबरोबर खाल्ला. "बघा, मेले का मी?" म्हणाली. मग हळूहळू लोक पुढं आले. सातशेच्या आसपास गेले. नऊशे टेम्पोत भरून चिंताकीला गेले. उरलेले दोन हजार संध्याकाळी खड्ड्यात गेले, कारण दुसरं काही नव्हतं. मंगल त्या वेळी घरात दार लावून बसली.

रजिस्टरवर अंबाजीनं चार हजार मरतूक लिहिली. म्हणजे सोमशेखरच्या भाषेत त्यानं सोळाशे पक्ष्यांची चोरी केली. पंधरा वर्षांत एका पिल्लाचा आकडा चुकवला नव्हता त्या माणसानं.

आठवड्यात लॉकडाऊन लागला आणि सगळं बंद झालं. आणि एप्रिलमध्ये, बंदीतच, सोमशेखरचा माणूस पास काढून गाडीनं राजेश्वरला आला. त्याच्याकडं छापलेले कागद होते. पक्षी उपासमारीनं नाही, रोगानं मेले, असं. रोगानं मेले तर बँक हप्ते पुढं ढकलते, विम्याचं काहीतरी बघता येतं, आणि शेडवाल्याला सांभाळणावळ द्यावी लागत नाही, कारण करारात तसं लिहिलंय. अंबाजीची सही हवी होती सुपरवायझर म्हणून. माझ्याकडून औषधाची बिलं हवी होती, फेब्रुवारीच्या तारखेची, न दिलेल्या औषधांची. बदल्यात अंबाजीचा तीन महिन्यांचा थकलेला पगार. आणि माझी जुनी उधारी.

अंबाजीच्या पोरीची फी भरायची होती. माझ्या दुकानात विकायला माल नव्हता. आम्ही दोघं माझ्या काउंटरवर बसलो होतो, आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. त्यानं सही केली. मी बिलं लिहून दिली. तो माणूस गेल्यावर अंबाजी म्हणाला, "शेळीच्या लेंड्या खाल्ल्यासारखं वाटायलंय तोंडात." मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं चूळ भरली आणि रस्त्यावर थुंकला. मीही.

आता पुढचं ऐका. सगळ्यांनीच पक्षी पुरले होते. आमच्याकडच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या कंपन्यांनी. मे उजाडेपर्यंत लोकांना कळलं, की कोंबडीनं काही होत नाही. आणि तेव्हा बाजारात कोंबडीच नव्हती. जिवंत पक्ष्याचा दर दीडशेवर गेला. साठ-पासष्ट दिवस ज्याला तग धरता आला, त्यानं इतक्या वर्षांत कमावलं नव्हतं तेवढं कमावलं.

भीमाशंकरनं तग धरला होता. मका, फुटकी ज्वारी, शेतातला हिरवा पाला, मोजून-मापून. "वाढवायचं न्हाई, नुसतं जगवायचं," असं त्यानं ठरवलं होतं. मंगलच्या नऊशेतले सातशे वाचले. सगळे विकल्यावर तो मोटरसायकलवर राजेश्वरला आला आणि मंगलच्या अंगणात बसून निम्मे पैसे तिच्या हातात दिले. कंपनीनं तिला वर्षाच्या सगळ्या बॅचचे मिळून दिले नव्हते तेवढे ते होते.

मी त्याला म्हणालो, "भीमाशंकर, तू शहाणा निघालास. कर्ज नाही काढलंस."

तो खदाखदा हसला. "कसलं शहाणपण! दोनदा गेलतो बँकेत. जमीन चुलत्याच्या नावावर हाय म्हणून हाकलून दिले. दिले असते तर मीबी दोनशे शेडं केलो असतो आन् मीबी खड्डाच खांदलो असतो." मग म्हणाला, "माझा मका माझा व्हता, म्हणून मला कुणी विचारलं न्हाई, कामून थांबलास. त्या अण्णाला थांबायची मुभाच नव्हती. दुसऱ्याच्या पैशाला दम निघत न्हाई."

जूनमध्ये सोमशेखरचा अंबाजीला फोन आला. मी शेजारीच होतो, आवाज ऐकू येत होता. "अंबाजी, आता पक्षी असते तर किती झाले असते रे!" असं हळहळून, जणू गारपिटीनं गेले, जणू कुणा दुसऱ्यानं ते पुरले. अंबाजीनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही हातात काहीतरी मेलेलं आलंय. मग म्हणाला, "अण्णा, माझा हिशोब करा. मी उद्यापासून न्हाई." फोन ठेवला. हिशोब आजतागायत झालेला नाही.

सोमशेखरचं काय झालं? काही नाही. हेच किळसवाणं आहे. बँकेनं त्याचे हप्ते पुढं ढकलले, वरून नवीन कर्ज दिलं, कारण तो बुडाला असता तर बँकेचंच बुडालं असतं. हैदराबादवाल्यांनी जास्त हिस्सा घेतला आणि कंपनीचं नाव बदललं. रविकुमारची सांभाळणावळ बुडाली, त्यानं शेडचे पत्रे विकले. मक्याचे दोन लहान व्यापारी बुडाले. आणि दोन वर्षांनी बीदरच्या त्याच हॉटेलात एका संघटनेनं सोमशेखरचा सत्कार केला, संकटातून उभारी घेतल्याबद्दल. पेपरात फोटो होता, गळ्यात हार, खांद्यावर शाल. माझ्या दुकानात त्या पेपरात कुणीतरी भजी बांधून आणली होती. मी भजी खाल्ली नाहीत.

अंबाजी आता गावोगावच्या शेळ्या-मेंढरांना लसी टोचत फिरतो, लोकांच्या पाच-पन्नास कोंबड्या बघतो. कमाई निम्म्यावर आलीय. औषधं माझ्याकडूनच नेतो, रोख देऊन. आमच्यात त्या सहीबद्दल आणि त्या बिलांबद्दल परत कधी बोलणं झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावात दुसऱ्याच एका कंपनीचा माणूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. रिकामी शेडं हुडकत होता. मंगलच्या शेडात सोयाबीनची पोती भरलेली. तिनं अंबाजीला करार वाचून दाखवायला बोलावलं. मीही गेलो.

अंबाजीनं सगळा वाचला, बोट फिरवत. आठ पानं होती. मग म्हणाला, "ह्यात एक ओळ लिहा. तीन दिवस खाद्य आलं न्हाई, तर पक्षी शेडवाल्याचे."

तो माणूस हसला. "काका, हा फॉर्म बेंगळुरूहून छापून येतो. हातानं लिहिलेलं चालत नाही."

"खाद्य कुणाच्या पैशाचं हाय तुमचं?"

"म्हणजे?"

"तुमचं सोताचं का बँकेचं?"

"काका, एवढी मोठी कंपनी आहे. कोण स्वतःच्या पैशानं करतं?" त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता.

अंबाजीनं कागद मंगलच्या मांडीवर ठेवले आणि उठला. "मंगलअक्का, तू बघितलीस सगळं. मी काय सांगू?"

मंगलनं चार दिवस कागद तसेच ठेवले आणि पाचव्या दिवशी अंगठा उठवून शेजारी सही केली. कळल्यावर अंबाजी तिच्या घरी गेला आणि अंगणातूनच ओरडला, "लाज वाटती का?"

"शेड बांधायला काढलेले पैसे मी अजून फेडायलेय, भाऊ," मंगल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सोयाबीन ठिवून शेड फिटत न्हाई. तुम्ही सही केलाव तवा मी तुमाला काय म्हनले व्हते का?"

तिला ते माहीत होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. अंबाजी तसाच मागं फिरला. महिनाभर त्या रस्त्यानं गेला नाही. माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि कुणाचंच नाव न घेता शिव्या द्यायचा, कंपनीला, बँकेला, गावाला, स्वतःला. मी गिऱ्हाईक करत ऐकून घ्यायचो.

मग एक दिवस कळलं, मंगलच्या शेडात कंपनीनं पिल्लं टाकली आणि नवा सुपरवायझर दारातूनच आकडा विचारून जातो. पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन मरायला लागली होती. अंबाजीनं माझ्याकडून औषधाची एक बाटली घेतली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

"थू असल्या धंद्यावर," तो बाटली पिशवीत टाकत म्हणाला. "पण पिल्लांनी काय केलंय."

मोटरसायकल मंगलच्या शेडाच्या रस्त्याला लागलेली मी बघितली. तासाभरानं तो परत आला तेव्हा पायाला तूस चिकटलेलं होतं. म्हणाला, नळी तुंबली व्हती, आता पाणी प्यायलेत, खाद्य पडायचंय अजून. चहा मागवू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाला आणि घरी गेला.